आधी गाणं, मग चित्र: वाडीतल्या पोरांबरोबर परीकथेचा म्युझिकल कार्टून स्पेशल बनवायचा असेल तर

टीव्हीवर सणासुदीला जे कार्टून स्पेशल लागतात ना, एखादी जुनी परीकथा, मधे चार-पाच गाणी आणि जाहिराती धरून अर्ध्या तासात सगळं आटपलेलं, तसला प्रकार आपल्या वाडीतल्या पोरांकडून करून घेता येतो. छोटा, आठेक मिनिटांचा. एक बरा मोबाईल, लग्नपत्रिकांचे जाड कागद, गावातलं भजनी मंडळ आणि मे महिन्याची सुट्टी एवढं असलं तरी काम होतं. गणपतीत चाकरमानी आले की आरतीनंतर सगळ्यांना दाखवायचा.

बहुतेक ठिकाणी सुरुवातच उलटी होते, पोरं आधी चित्रं काढतात, ती हलवतात आणि मग त्याच्यावर बसेल असं गाणं शोधत बसतात. ते कधीच नीट बसत नाही. म्युझिकल म्हटलं की आधी आवाज पूर्ण रेकॉर्ड करायचा, गाणी संवाद सगळं, आणि मग त्या आवाजाला मोजून चित्र हलवायचं. मोठमोठ्या स्टुडिओतसुद्धा पात्रांचे आवाज आणि गाणी आधीच रेकॉर्ड करतात आणि त्यावर अ‍ॅनिमेशन होतं. हा क्रम पाळलात तर बाकी सगळं सावरून घेता येतं.

गोष्ट कुठली घ्यायची

ज्या गोष्टीत पात्रांना गायचं कारण आहे अशी घ्या. नाहीतर गाणी वरून चिकटवल्यासारखी वाटतात. मी इथे ग्रिम बंधूंची ब्रेमेनच्या वाजंत्र्यांची गोष्ट धरून सांगतो, कारण तिच्यात जनावरंच गवई व्हायला निघालेली असतात. ही जर्मन गोष्ट, ग्रिमांच्या संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १८१९ साली आली. मूळ गोष्ट थोडक्यात अशी की गिरणीची पोती वाहून थकलेलं गाढव, शिकार न झेपणारा कुत्रा, उंदीर पकडता न येणारी म्हातारी मांजर आणि पाहुण्यांसाठी कापायला काढलेला कोंबडा असे चौघे ब्रेमेन शहरात वाजंत्री व्हायला निघतात, वाटेत रानात रात्र होते, दरोडेखोरांचं घर दिसतं, हे एकमेकांच्या पाठीवर चढून खिडकीपाशी एकदम ओरडतात, दरोडेखोर पळतात. नंतर एक जण बघायला परत येतो त्याला अंधारात मांजर ओरबाडते, कुत्रा चावतो, गाढव लाथ मारतं, वरून कोंबडा आरवतो आणि तो जाऊन सांगतो की घरात चेटकीण आहे, सुरीवाला माणूस आहे, सोटा घेतलेला काळा राक्षस आहे आणि छपरावर न्यायाधीश बसलाय. चौघे मग त्या घरातच राहतात, ब्रेमेनला पोचतच नाहीत. तरी ब्रेमेन शहरात टाऊन हॉलजवळ त्यांचा एकावर एक उभा असलेला ब्रॉन्झचा पुतळा आहे, १९५३ पासूनचा.

हक्कांचं म्हणाल तर ग्रिम बंधू १८५९ आणि १८६३ साली गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराईट असतो, त्यामुळे गोष्ट मोकळी आहे. पण एखाद्या हल्लीच्या पुस्तकातला अनुवाद उचलून संवाद म्हणून वापरू नका, तो त्या अनुवादकाचा असतो. पोरांना गोष्ट तोंडी सांगा आणि त्यांच्याकडून परत ऐका, त्यांनी सांगितलेलीच लिहून घ्या. सिनेमाच्या गाण्याच्या चालीही नकोत, युट्यूबवर टाकल्यावर लगेच कॉपीराईटचा क्लेम येतो आणि मेहनत अडकून पडते.

गोष्ट कोकणात आणताना

इथे जरा वेळ द्या, कारण नुसती नावं बदलून गोष्ट कोकणातली होत नाही. गाढव आपल्याकडे फारसं दिसत नाही. त्याच्या जागी बैल घ्या, पॉवर टिलर आल्यामुळे जोत सुटलेला. कुत्रा रानडुकरांमागे धावून दमलेला. मांजर सुकत घातलेले बांगडे राखायला ठेवलेली, पण डोळा लागतो तिचा. आणि कोंबड्याला तर काही बदलायलाच नको, मुंबईचे पाहुणे येणार म्हटल्यावर कोंबडी-वड्यांचा बेत ठरलेला असतोच. दरोडेखोरांचं रानातलं घर म्हणजे वाडीच्या टोकाचं कुलूप लावलेलं घर, मालक मुंबईला आणि आत चोर बसलेले. हे प्रत्येक पोराला डोळ्यासमोर दिसतं.

आणि ब्रेमेनच्या जागी काय? माझ्या मते दशावतारी कंपनी, म्हणजे गावोगावच्या जत्रांत पौराणिक नाटकं करणारी मंडळी. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की ती नाटकं पावसापर्यंत चालतात, आणि रात्री राजा सकाळी डोक्यावर बोजा असं ज्यांच्याबद्दल म्हणतात त्या कलाकारांत जाऊन आपणही एक रात्र राजा व्हावं असं म्हाताऱ्या बैलाला वाटलं तर त्याच्यात गोष्टीचा मूळ जीव तसाच राहतो. रत्नागिरीकडे असाल तर जाखडीचा नाच घ्या, रायगडात तुमचं जे असेल ते.

बोली ठेवाच. पोरं माईकसमोर आली की पुस्तकी बोलायला लागतात, तिथे थांबवायचं. आपला कोंबडा म्हणतो, "उद्या मुंबयसून पावणे येतले, वड्यांचा पीठ मळून झाला, आता उरलंय मी!" हेच शुद्ध भाषेत म्हणून बघा, सगळा जोर जातो. निवेदक ठेवायचा असेल तर तो साध्या मराठीत बोलू दे, म्हणजे बाहेरच्यांनाही कळेल, पण जनावरं मालवणीतच.

गाण्यांच्या जागा ठरवणं

आठ मिनिटांत चार गाणी पुरे. मी जागा अशा धरतो, सुरुवातीला बैलाचं घर सुटतं तो भाग ४० सेकंद. मग चालीचं गाणं, हे एकच गाणं चार वेळा येतं, दर वेळी साधारण २१ सेकंद, पहिल्यांदा बैल एकटा, मग कुत्रा मिळाला की दोघं, मग तिघं, मग चौघं, आणि प्रत्येक वेळी एक आवाज आणि एक वाद्य वाढतं. ऐकणाऱ्याला तिसऱ्या वेळी ते पाठ होतं आणि चौथ्या वेळी बसल्या जागी लोक म्हणायला लागतात, म्युझिकलमध्ये हेच पाहिजे असतं. मधे तीन भेटी, प्रत्येकी २५ सेकंदांच्या. मग खिडकीपाशी एक हळू गाणं ४५ सेकंद, आत चोरांचं जेवण चाललंय आणि बाहेर हे उपाशी. मग तो गोंगाट २० सेकंद, इथे गाणं अजिबात नको, चौघंही आपापल्या सुरात ओरडू देत, इतका वेळ सुरात ऐकल्यावर तो बेसूर धडकतो. मग यांचं जेवण आणि झोप ३०, चोर अंधारात परत येतो ते ४०, चोराचं गाणं ७५, शेवटी भजनी गजर ४० आणि नावं ४०. बेरीज करा, आठ मिनिटं आणि वर दहा सेकंद होतात.

चालीच्या गाण्याचे शब्द सोपे ठेवा, नमुन्याला हे घ्या, आवडलं तर असंच वापरा:

चल रे गड्या कंपनीत जाऊ,
तू धर ताल नि मी गाणा गाऊ,
पाय दमले तरी गळो नाय दमलो,
एका रातीक तरी राजा होऊ!

चोराचं गाणं मात्र सवाल-जवाबाचं करा. बाकीचे चोर विचारतात "काय रे बघलंस?" आणि हा थरथरत सांगतो की चुलीकडे हडळ बसली होती, "नखांनी माझा तोंड वरबाडल्यान", दाराकडे सुरीवाला उभा होता, खळ्यात काळा खवीस होता "सोट्यान हाणल्यान", आणि कौलांवर बसून कोणतरी ओरडत होता "धरा रे तेका, धरा रे तेका!" ते शेवटचं वाक्य कोंबड्याच्या आरवण्याच्या चालीवर म्हणायला लावा. प्रेक्षकांनी खरं काय झालं ते आधी बघितलेलं असतं, त्यामुळे हे गाणं सगळ्यात जास्त रंगतं, म्हणून त्याला सगळ्यात जास्त सेकंद दिलेत.

लय ठरवायची ती गणिताने

हा भाग दोनदा वाचा, याच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं असतात. आपण एक फोटो दोन फ्रेम धरून ठेवायचा म्हणजे सेकंदाला १२ फोटो पुरतात, डोळ्याला हालचाल नीट दिसते. मिनिटाला झाले ७२० फोटो. आता गाण्याची लय मिनिटाला किती मात्रा (ठोके) आहे त्याने ७२० ला भागा, एका मात्रेला किती फोटो येतात ते मिळतं. ९० च्या लयीला ८ फोटो, १२० ला ६, ८० ला ९, ७२ ला १०, ६० ला १२. पण लय १०० धरलीत तर ७.२ येतात आणि पाऊल तालावर पडतच नाही, दर मात्रेला थोडं थोडं सरकत जातं. म्हणून गाणी ६०, ७२, ८०, ९० आणि १२० यातल्याच लयीत बसवा. चालीचं गाणं ९० मध्ये केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात घ्या, प्रत्येक ओळ ८ मात्रांची, म्हणजे एका ओळीला ६४ फोटो, चार ओळींना २५६, साधारण २१ सेकंद. खिडकीचं गाणं दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात ७२ ला चांगलं वाटतं. चोराच्या गाण्याला १२० पाहिजेच.

भजनी मंडळाबरोबर एक गोष्ट सांभाळावी लागते. आपली भजनं चढत्या लयीची, बुवा रंगात आले की पखवाज आपोआप पुढे जातो आणि समोर बसून ऐकताना तोच तर आनंद असतो, पण फोटो मोजताना ती चढती लय फार त्रास देते. उपाय असा की मोबाईलवर मेट्रोनोमचं फुकट अ‍ॅप घ्या आणि त्याचा टिकटिक आवाज इअरफोनने फक्त पखवाजवाल्याच्या कानात द्या, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून वाजवायचं. शेवटचा गजर मात्र मोकळा सोडा, तिथे लय चढू दे. त्या ४० सेकंदांत पात्रं नुसती नाचताहेत, टाळीचे ठोके नंतर एक एक ऐकून लिहून काढता येतात. सगळंच मेट्रोनोमला बांधलं तर गाण्यातला गावचा श्वास जातो, असं मला मनापासून वाटतं.

रेकॉर्डिंग

सूर पोरांच्या गळ्याचा घ्या, बुवांच्या नव्हे. सगळ्यात लहान पोराला वरची ओळ म्हणायला लावा, तो किंचाळला तर पेटीवर सा खाली आणा.

जागा म्हणजे माजघर, पंखा बंद, भिंतींना दोऱ्या बांधून गोधड्या टांगलेल्या. पडवीत नको, तिथे रस्त्यावरची मोटारसायकल येतेच. पावसाळ्यात तर रेकॉर्डिंगचा विचारच करू नका, कौलांवर पाऊस, बाहेर बेडूक, रातकिडे, सगळं आत येतं. म्हणून गाणी मे महिन्यात. आंब्याच्या गडबडीत मोठी माणसं दिवसा मिळत नाहीत, रात्री जेवणं झाल्यावर बसा.

मोबाईल तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला, म्हणजे प-फ म्हणताना हवा थेट आत जात नाही. एरोप्लेन मोड लावा. आधी पेटी-पखवाज वेगळा रेकॉर्ड करा, मग तो इअरफोनवर ऐकत एक एक पोराचा आवाज वेगळा. चौघांना एकत्र उभं करून घेतलं तर एकाचं चुकलं की चौघांचं परत. रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये वेव्ह फाईलचा पर्याय असेल तर तोच घ्या. पेटी-पखवाजाच्या टेकच्या सुरुवातीला एक टाळी घ्या आणि पुढच्या प्रत्येक टेकला इअरफोनमध्ये ती ऐकून तिच्याबरोबरच टाळी वाजवायला सांगा, नंतर कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीत, हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सगळ्या टाळ्या एका रेषेत आणल्या की आवाज जुळतात.

बाकीचे आवाज घरातच मिळतात. बैलाच्या खुरांना करवंट्या, लाटांना सुपात गोल फिरवलेले तांदूळ, रानातून चालण्याला सुकी झावळ ओढायची. कोंबडा खरा रेकॉर्ड करा, पहाटे उठावं लागेल तेवढंच.

आवाजाची वही

आता गाणी मिक्स करून एक पक्की फाईल झाली, हिच्यात पुढे काहीही बदलायचं नाही. ऑडॅसिटीत ती मोठी करून बघा, प्रत्येक शब्द कुठल्या सेकंदाला सुरू होतो ते दिसतं. त्याला १२ ने गुणलं की फोटो नंबर. चौकटीची वही घ्या, एक ओळ म्हणजे एक फोटो. पहिल्या रकान्यात नंबर, मग शब्द, मग मात्रा, मग कोणाचं काय हलायचं. स्टुडिओत याला एक्सपोजर शीट म्हणतात. काम कंटाळवाणं आहे, पण मोठ्या मुलींना हे फार छान जमतं, आणि वही पुरी झाली की अर्धी फिल्म झाली म्हणून समजा, कारण शूटिंगच्या वेळी कोणालाही डोकं चालवावं लागत नाही, वहीत लिहिलंय तसं हलवायचं.

तोंडाचे आकार चार पुरतात. मिटलेलं प-ब-म साठी, उघडं आ साठी, गोल ओ आणि ऊ साठी, पसरट ई आणि ए साठी. कोंबड्याला चोच उघडी आणि बंद, बस्स. आणि लांबच्या शॉटमध्ये तोंड हलवूच नका, मान तालावर हलली तरी गातोय असंच वाटतं.

बाहुल्या

आता कुठे कात्री हातात घ्यायची. आणि त्याआधी जमलं तर पोरांना कुडाळजवळ पिंगुळीला घेऊन जा. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या या कला पिढ्यान्पिढ्या राखल्यात, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या म्युझियममध्ये हे सगळं जवळून बघता येतं. एका बाजूने बघितलेला चेहरा, मोठा डोळा, हाताला एकच सांधा, आणि तरी ती बाहुली बोलते. पोरांनी हे डोळ्यांनी बघितलं की सांधे किती कमी लागतात ते सांगावं लागत नाही. जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी १९२६ साली अशाच कात्रीने कापलेल्या काळ्या आकृत्यांची अख्खी लांब फिल्म केली, आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशन फिल्म्समध्ये ती सगळ्यात जुनी. नंतर त्यांनी परीकथांवर कितीतरी छोट्या फिल्म्स केल्या. साधनं हीच, कात्री, काळा कागद, दिवा.

माप आधी ठरवा आणि ते त्या एकावर एक चढलेल्या शॉटवरून ठरवा. ए-थ्री कागदावर मोबाईलची आडवी चौकट साधारण ४२ बाय साडेतेवीस सेंटीमीटर बसते. म्हणजे बैल, कुत्रा, मांजर, कोंबडा मिळून वीस सेंटीमीटरच्या आत यायला पाहिजेत. बैल पाठीपर्यंत ८, कुत्रा ५, मांजर आणि कोंबडा साडेतीन साडेतीन. पोरं बैल मोठ्ठा काढतात आणि मग कोंबडा चौकटीबाहेर जातो, गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा शॉटच मिळत नाही. खिडकीच्या गाण्यासाठी चौघांची मोठी तोंडं वेगळी कापा, बारा-पंधरा सेंटीमीटरची, तोंडाचे आकार त्यांनाच लावायचे.

कागद लग्नपत्रिकांचा, आतली बाजू रंगवायची. सांध्याला सुईने भोक पाडून जाड दोरा, दोन्हीकडे गाठ आणि गाठीवर फेविकॉलचा थेंब. सांधा थोडा घट्टच पाहिजे, हलवला तिथे थांबला पाहिजे. लॅमिनेशन करू नका, दिव्याची चमक येते.

पार्श्वभूमीला चालीच्या गाण्यासाठी लांब पट्टी रंगवा, माड, गडगा, शेत, परत माड. प्रत्येक फोटोला पट्टी अर्धा सेंटीमीटर ओढली तर २५६ फोटोंना १२८ सेंटीमीटर जातात आणि शिवाय चौकटीएवढी ४२, म्हणजे पावणेदोन मीटरची पट्टी करा. चारही वेळा तीच चालते, फक्त वर आभाळाचा वेगळा कागद लावा, सकाळ, दुपार, तिन्हीसांज, रात्र. आत जनावरं जागीच पाय हलवतात आणि पट्टी मागे जाते. एक पाऊल एक मात्रा, ८ फोटो, दोन पावलांत १६ फोटोंचं चक्र पूर्ण, मग परत पहिल्यापासून.

शूटिंग

आंब्याची लाकडी पेटी घ्या, तळाला मोबाईलच्या कॅमेऱ्याएवढं भोक पाडा, उलटी करून चार विटांच्या उंचवट्यावर ठेवा आणि मोबाईल वर आडवा. अख्खा ए-थ्री चौकटीत येईपर्यंत विटा वाढवायच्या. हलता कामा नये, विटांना चिकटपट्टी लावा आणि पेटी कुठे ठेवलीय त्याच्या जमिनीवर खडूने खुणा करा.

उजेड सूर्याचा नको. ढग आला की चित्र काळवंडतं आणि फिल्म लुकलुकते. खिडक्या बंद, दोन बाजूंनी दोन सारखे एलईडी बल्ब तिरके, पुढे बटर पेपर. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये फोकस, आयएसओ, शटर, व्हाईट बॅलन्स सगळं कायम करून टाका, म्हणजे कॅमेरा मधेच आपोआप काही बदलणार नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/२५ ठेवलं की दिव्याच्या पट्ट्या येत नाहीत. लाईट गेली तर थांबा, बॅटरीच्या इमर्जन्सी दिव्यावर काम चालू ठेवू नका, तो हळूहळू मंद होत जातो आणि डोळ्याला कळत नाही पण फोटोत कळतं. हलवणाऱ्याने गडद कपडे घालावे, लाल शर्ट घातला तर बैलावर लाली येते.

फोटोंसाठी स्टॉप मोशन स्टुडिओ नावाचं अ‍ॅप सोपं आहे, आधीचा फोटो पुसट दिसत राहतो त्यामुळे किती हलवायचं ते समजतं. बटण दाबायला मोबाईलला हात लावू नका, वायरच्या इअरफोनवरचं आवाजाचं बटण बहुतेक मोबाईलमध्ये फोटो काढतं. तिघांची टोळी करा, एक जण वही वाचेल, एक हलवेल, एक फोटो काढेल, आणि काढण्याआधी प्रत्येक वेळी "हात!" असं ओरडायचं. तासाला शंभर-दीडशे फोटो धरून चाला. आपल्या आठ मिनिटांचे ५,८८० होतात, त्यातली नावं आणि थांबलेले शॉट सोडले तर पाचेक हजार. रोज दोन तास बसलात तर तीन-चार आठवडे.

मिरग लागायच्या आत संपवलंत तर उत्तम. पाऊस सुरू झाला की कागद दमट होऊन वाकतो आणि सावली पडायला लागते. राहिलंच तर बाहुल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, खाली तांदूळ आणि वर एक जाड वही दाबून ठेवा, आणि काम करताना पात्रांवर स्वच्छ काच ठेवली तर सपाट राहतात, फक्त काचेत दिव्याचं प्रतिबिंब येत नाही ना ते बघा.

चोराच्या गाण्याची सावली

हा तुकडा वेगळ्या पद्धतीने करा, खूप मजा येते आणि सोपाही आहे. पांढरा पंचा चौकटीवर ताणून बांधा, मागून दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च, मधे त्याच बाहुल्या, पुढून कॅमेरा. बाहुली टॉर्चकडे नेली की सावली वाढत जाते, एवढीशी मांजर हडळ होते, बैल खवीस होतो. दिवा जेवढा लहान तेवढी सावलीची कड स्पष्ट, म्हणून टॉर्चच बरा, मोठा बल्ब लावला की सगळं धुरकट होतं. चोराने खोटं सांगितलेलं नाही, घाबरल्यावर त्याला तसंच दिसलं, हे त्या सावल्यांनी न बोलता कळतं. वाढायचं ते मात्र तालावर, १२० च्या लयीत सहा फोटोत सावली दुप्पट, मग सहा फोटो स्थिर.

त्याच्या आधीचा अंधारातला प्रसंग जवळजवळ काळाच ठेवा. चुलीत दोन पिवळे डोळे, चोर ते निखारे समजून काडी पुढे करतो, पुढचं सगळं आवाजावर. अंधाराला फोटो कमी लागतात हा फायदा आहेच, पण कमी दिसलं म्हणूनच नंतरच्या सावल्या खऱ्या वाटतात.

जोडणी आणि दाखवणं

कॉम्प्युटर असेल तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती किंवा साधं ओपनशॉट, नसेल तर मोबाईलवर काईनमास्टर. आधी पक्की आवाजाची फाईल टाका आणि तिला कुलूप लावा, मग चित्रं तिच्याखाली आणा. वही नीट पाळली असेल तर तासाभरात जुळतं. टाइमलाईन २४ वर, एक फोटो दोन फ्रेम. कुठे दोन-चार फोटो कमी पडले तर स्थिर जागी एक फोटो थोडा ताणा, चालताना ताणू नका.

फाईल एमपी-फोर, १०८० ची. पेनड्राईव्हवर टाकून ज्या टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर दाखवणार त्याच्यावर आदल्या दिवशी लावून बघा. भाद्रपदात अंगणात चादर लावायची हौस करू नका, पाऊस येणारच, देवळाचा सभामंडप किंवा मोठी पडवी बघा. आरती झाली की लोक प्रसादाला थांबलेले असतात तीच वेळ, भजनाची बारी सुरू व्हायच्या आधी. आवाजासाठी मंडळाचाच साऊंड वापरा, टीव्हीच्या स्पीकरवर पखवाजाचा धुम ऐकूच येत नाही आणि मग पावलं तालावर पडताहेत हे कळत नाही.

शेवटी नावं लिहिताना ग्रिम बंधूंचं नाव पहिलं, मग प्रत्येक पोराचं, ज्याने नुसता दिवा धरला त्याचंही, आणि वाचता येईल एवढा वेळ ठेवा, आज्यांना नातवंडांची नावं शोधायला वेळ लागतो. युट्यूबवर टाकणार असाल तर पोरांच्या आईवडिलांना आधी विचारा, आडनावं आणि शाळेचं नाव काढून टाका. बाहुल्या डब्यात डांबर गोळी घालून ठेवल्या तर कसर लागत नाही, बैल आणि कोंबडा पुढच्या गोष्टीतही चालतात.